पटलं म्हणजे खरं झालं का?



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलूया. शब्द आहे ‘प्लॉझिबल’. ज्यांना लिहून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी अक्षरं सांगते: पी, एल, ए, यू, एस, आय, बी, एल, ई. अकरावी-बारावीच्या इंग्रजीत, इंग्रजी बातम्यांत, कोर्टाच्या निकालांत हा शब्द भेटतो. गटाच्या पासबुकावर किंवा कर्जाच्या फॉर्मवर तो कधी दिसणार नाही. मग आपल्याला त्याचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काम आहे. बैठकीत कुणी काही सांगितलं की आपण म्हणतो, ‘पटलं बाई,’ आणि पुढे ठराव लिहायला घेतो. ‘पटलं’ आणि ‘खरं आहे’ यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात, हे या शब्दाच्या आणि त्याच्या बहिणींच्या मदतीने फार चांगलं समजतं.

प्लॉझिबल म्हणजे पटण्याजोगं, ऐकताना रास्त वाटणारं. एवढंच. खरं की खोटं, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. एखादी गोष्ट प्लॉझिबल असून खरी असू शकते, आणि प्लॉझिबल असून साफ खोटीही असू शकते.

टाळ्यांमधून आलेला शब्द

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिन ही जुन्या रोमन लोकांची भाषा. तिच्यात ‘प्लाउदेरे’ म्हणजे टाळ्या वाजवणं. रोममध्ये नाटक संपलं की नट प्रेक्षकांना म्हणायचे, ‘प्लाउदिते’, म्हणजे टाळ्या वाजवा. त्यावरूनच इंग्रजीत टाळ्यांना ‘अप्लॉझ’ म्हणतात आणि त्यावरूनच प्लॉझिबल आला. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता, टाळ्या मिळवण्याजोगं. पुढे अर्थ सरकत गेला. टाळ्या मिळवण्याजोगं म्हणजे ऐकायला बरं, आणि ऐकायला बरं म्हणजे पटण्याजोगं.

आपल्याकडेही हेच घडतं. मेळाव्यात पाहुण्यांचं भाषण झालं की टाळ्या पडतात. भाषण आवडलं म्हणून त्या पडतात. त्यातला आकडा बरोबर होता की नाही, हे टाळी वाजवताना कुणी तपासलेलं नसतं.

म्हणूनच इंग्रजीत हा शब्द माणसाला लावला की ती स्तुती राहत नाही. एखाद्याला ‘प्लॉझिबल माणूस’ म्हटलं तर त्याचा अर्थ बोलण्यात पटाईत, गोड बोलून गळी उतरवणारा, जरा जपून राहा असा. तुमची मुलगी नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहीत असेल आणि स्वतःबद्दल ‘मी प्लॉझिबल आहे’ असं लिहिणार असेल, तर तिला थांबवा. तिथे ‘रिलायबल’ हवं, म्हणजे भरवशाची.

एकीसारख्या दिसणाऱ्या बहिणी

डिक्शनरीत प्लॉझिबलच्या शेजारी त्याच अर्थाचे म्हणून चार-पाच शब्द दिलेले असतात. पण जावा-जावा एका घरात राहिल्या म्हणून एकसारख्या होत नाहीत, तसंच या शब्दांचं आहे. एकेक बघूया.

पहिला ‘पॉसिबल’, म्हणजे शक्य. घडू शकतं, एवढंच तो सांगतो. आपल्या गटाच्या पापडाला दिल्लीहून ऑर्डर येणं पॉसिबल आहे. येईलच असं कुणी म्हटलेलं नाही.

दुसरा ‘प्लॉझिबल’. सांगितलेलं ऐकून पटतं. ‘मागच्या वर्षी प्रदर्शनात दिल्लीच्या एक बाई पापड घेऊन गेल्या होत्या, त्यांनाच आणखी हवे असतील,’ असं कुणी म्हटलं, तर ते प्लॉझिबल.

तिसरी जोडी ‘लाइकली’ आणि ‘प्रॉबेबल’. मराठीत आपण बहुतेक, संभव आहे, किंवा ‘तसं दिसतंय’ म्हणतो. लाइकली शब्दात ‘लाइक’ म्हणजे ‘सारखं’ बसलेलं आहे. आभाळ भरून आलं की आपण ‘पाऊस येईलसं दिसतंय’ म्हणतो, अगदी तसंच. प्रॉबेबल शब्दाचं मूळ मात्र ‘तपासणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पुराव्याला इंग्रजीत ‘प्रूफ’ म्हणतात, तोही त्याच घरातला. म्हणजे प्रॉबेबल म्हणताना थोडी तरी परीक्षा झालेली असावी, अशी अपेक्षा आहे.

चौथा ‘क्रेडिबल’, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगं. हा तर आपल्या घरातलाच शब्द. लॅटिनमध्ये ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणं. त्यावरून क्रेडिबल आला आणि त्यावरूनच ‘क्रेडिट’ आला. बँकेचं क्रेडिट म्हणजे आपली पत. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गटाकडे गहाण ठेवायला काही नव्हतं. होत्या त्या नोंदी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशोब. त्या नोंदी पाहून बँकेने पैसे दिले. प्लॉझिबल व्हायला एक चांगलं भाषण पुरतं. क्रेडिबल व्हायला महिन्यामागून महिने वही भरावी लागते.

पाचवा ‘स्पीशस’. वरून देखणं, आतून पोकळ, अशा युक्तिवादाला हा शब्द लावतात. याचंही मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ होता ‘दिसायला सुंदर’. प्लॉझिबल गोष्ट खरी निघू शकते. स्पीशस म्हटलं की ती फसवी आहे, हे सांगून झालं.

मुलींना उपयोगी पडेल असं थोडं वापराचंही सांगते. प्लॉझिबल हा शब्द बहुतेक वेळा सांगितलेल्या गोष्टीला लावतात: कारण, सबब, खुलासा, कथा, अंदाज. ‘प्लॉझिबल एक्स्क्यूज’ म्हणजे पटेल अशी सबब. ‘प्लॉझिबल एक्स्प्लनेशन’ म्हणजे पटेल असा खुलासा. उद्या पाऊस येण्याला मात्र लाइकली म्हणावं. साक्षीदाराला आणि बातमीला क्रेडिबल म्हणावं. न पटणाऱ्या गोष्टीला ‘इम्प्लॉझिबल’ म्हणतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवामान बदलावर जगभरच्या शास्त्रज्ञांचं एक मंडळ अहवाल काढतं. त्यांनी ठरवून टाकलंय की ‘लाइकली’ लिहिलं तर शंभरात किमान ६६ इतकी शक्यता समजायची आणि ‘व्हेरी लाइकली’ लिहिलं तर किमान ९०. म्हणजे त्या शब्दांमागे आकडा आहे. प्लॉझिबलमागे असा आकडा नसतो. आपल्याला गोष्ट किती आवडली, एवढंच त्याचं माप.

लिंडाचं कोडं

आता गंमत बघा. पटण्याजोगं आणि संभवनीय हे दोन शब्द एकमेकींच्या उलट दिशेलाही जाऊ शकतात. हे दाखवून दिलं आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी. १९८३ साली त्यांनी आपला अभ्यास छापला. त्यातलं एक कोडं जगभर गाजलं.

लिंडा नावाची एक बाई आहे, असं समजा. वय ३१, लग्न झालेलं नाही, स्पष्टवक्ती आणि हुशार. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकली. तेव्हापासून तिला अन्यायाची चीड, अणुशक्तीविरोधी मोर्चांतही ती जायची. आता सांगा, यातलं जास्त संभवनीय काय? एक, लिंडा बँकेत कॅशियर आहे. दोन, लिंडा बँकेत कॅशियर आहे आणि स्त्रियांच्या चळवळीतही काम करते.

तुम्ही मनात उत्तर धरलंत का? विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा शंभरातल्या साधारण ८५ जणांनी दुसरं उत्तर दिलं. आणि ते चूक आहे.

का चूक, ते आपल्या गटावरून बघूया. गटात शिलाई मशीन असलेल्या बायका जास्त असतील, की शिलाई मशीनही आणि शेळीही असलेल्या? ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्या मशीनवाल्यांमध्ये मोजल्या गेल्याच. त्यामुळे दोन्ही असणाऱ्या कधीच जास्त असू शकत नाहीत. लिंडाचंही तेच. चळवळीत काम करणारी कॅशियर ही कॅशियर आहेच. पण दुसरं वाक्य तिच्या स्वभावाला शोभतं, गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते, म्हणून ते पटतं.

यातून हाती काय लागलं? गोष्टीत तपशील वाढला की ती जास्त पटते. पण प्रत्येक नवा तपशील खरा ठरायला हवा असतो, म्हणून सगळी गोष्ट जशीच्या तशी खरी असण्याची शक्यता कमीच होत जाते.

मशीन घेऊन आलेला माणूस

हे आता पैशाच्या गोष्टीला लावून बघूया. समजा, गटाच्या बैठकीला एक नीटनेटका माणूस आला. म्हणाला, ‘ताई, अगरबत्तीचं मशीन घ्या. कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत विकत घेतो. महिन्याला एवढे सुटतील. शेजारच्या तालुक्यात चाळीस गटांनी घेतलंय.’ फोटो दाखवले, रंगीत कागद दिला, शिक्का मारलेला करार दाखवला. सगळं पटलं.

आता मोजूया. त्याची गोष्ट खरी व्हायला चार गोष्टी जमायला हव्यात. मशीन सांगितल्याप्रमाणे चाललं पाहिजे. कच्चा माल वेळेवर आला पाहिजे. माल त्यांनी खरंच परत घेतला पाहिजे. आणि पैसे वेळेवर दिले पाहिजेत. आपण उदार होऊन प्रत्येकीला शंभरात ८० मार्क देऊ आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही असं धरू. पहिलीनंतर उरले ८०. त्यातले ऐंशी टक्के म्हणजे ६४. त्यातले ऐंशी टक्के ५१. आणि शेवटी ४१. एकेक गोष्ट भरवशाची वाटत होती, पण चारही जमण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी झाली. आणि हे माणूस प्रामाणिक असेल तर. तो लबाड असेल तर चारही एकदम बुडतात.

आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस पाण्यात बसलेली असताना तिचा सौदा करू नये. म्हैस बाहेर काढायची म्हणजे काय करायचं? ज्या गटांनी मशीन घेतलंय म्हणतो, त्यांच्यापैकी दोन गटांना आपण स्वतः शोधून भेटायचं. त्याने दिलेल्याच नंबरवर फोन करून भागत नाही, कारण तो नंबर त्याच्या गोष्टीचाच एक भाग आहे. करारात माल परत घेण्याची अट आणि दर लिहिलेला आहे का, हे सीआरपी ताईंना किंवा बँकेतल्या साहेबांना वाचायला लावायचं. आणि माल पडून राहिला तर तोटा कुणाचा, हे तोंडावर विचारायचं.

फोनवरच्या फसवणुकीतही हेच तंत्र असतं. समोरचा तुमचं पूर्ण नाव सांगतो, बँकेची शाखा सांगतो, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगतो. एवढं माहीत आहे म्हणजे बँकेचाच माणूस असणार, असं वाटतं. तो तपशील त्याने आपल्याला पटावं म्हणूनच गोळा केलेला असतो. बँक फोनवर ओटीपी कधीच मागत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवायचं.

न पटणारं खरं

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रत्येक न पटणारी गोष्ट खोटी असते का? याचं उत्तर एका बाळंतिणींच्या दवाखान्यात सापडतं. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहर आहे. तिथल्या सरकारी इस्पितळात पावणेदोनशे वर्षांपूर्वी बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाया दगावल्या, बहुतेक बाळंतज्वराने. सुईणींच्या विभागात तीनही नाही. बायांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हातापाया पडायच्या.

डॉक्टरांकडे खुलासे होते. हवा दूषित आहे, गर्दी फार होते. ऐकायला सगळे पटण्याजोगे. पण हवा दोन्हीकडे एकच होती आणि गर्दी सुईणींकडेच जास्त होती. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने नोंदी तपासल्या. त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात, सुईणी तसं करत नाहीत. मे १८४७ मध्ये त्याने सक्ती केली की आधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. क्लोरीनचा चुना म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाया मेल्या होत्या. जूनमध्ये दोनवर आल्या.

तरीही अनेक मोठ्या डॉक्टरांना हे पटलं नाही. जंतूंचं ज्ञान तेव्हा रुजलेलं नव्हतं. सभ्य डॉक्टरांच्या हातांनी मरण येतं, हे त्यांच्या कानाला इम्प्लॉझिबल होतं. सेमेलवाइसची त्या इस्पितळातली नेमणूक पुढे वाढवली नाही. १८६५ साली तो गेला. त्याचं म्हणणं डॉक्टरांनी सर्वत्र मान्य केलं ते त्यानंतर.

या गोष्टीत पटणारे खुलासे खोटे निघाले आणि न पटणारी गोष्ट खरी निघाली. निकाल कशाने लागला? रजिस्टरमधल्या आकड्यांनी.

आपल्या बैठकीतही याची आठवण ठेवावी लागते. एखादी बाई चाचरत बोलते, तारखा मागेपुढे होतात, रडू येतं. घरात मार खाते म्हणते. नवरा मात्र गावात चार लोकांत नीट बोलणारा, हसतमुख. मग कुणीतरी म्हणतं, ‘तो असं करेल हे पटत नाही गं.’ पटत नाही, हे आपल्या कानाबद्दलचं बोलणं झालं. तिच्या अंगावरच्या वळाबद्दल ते काही सांगत नाही. नीट बोलता येणं आणि खरं बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. अशा वेळी तिला बसवून घ्यावं, पूर्ण ऐकावं, आशाताईंना सोबत घेऊन तिला दवाखान्यात न्यावं, आणि महिलांसाठीच्या १८१ या मदतीच्या नंबरवर फोन करावा.

ठरावाआधी एक ओळ

मग पुढच्या बैठकीत काय करता येईल? एखादा मोठा खर्च किंवा नवी योजना समोर आली, की सचिवताईंनी ठराव लिहिण्याआधी वहीत एक ओळ लिहावी: ही गोष्ट सध्या कोणत्या पायरीवर आहे? नुसती शक्य आहे, ऐकून पटलेली आहे, लक्षणं दिसतायत म्हणून बहुतेक होईल अशी आहे, की तपासून भरवशाची ठरलेली आहे? ऐकून पटलेल्या पायरीवर असेल, तर कोण कुठे जाऊन काय तपासणार, ते नावासकट लिहावं. पैसे पुढच्या बैठकीत द्यावेत. खरा व्यवहार आठ दिवस थांबतो. ‘आजच भरा, उद्या संधी नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते सुद्धा वहीत लिहून ठेवा.

शेवटी एक खेळ देते. प्रत्येकीने कागदावर लिहायचं: ‘मी बहुतेक येईन’ असं मैत्रीण म्हणाली, तर दहा वेळांपैकी ती किती वेळा येते? कागद एकदम उघडा आणि आकडे मोठ्याने वाचा. एकीच्या मनात पाच असेल, दुसरीच्या मनात नऊ. एकच शब्द ऐकून आपण किती वेगवेगळं समजतो, ते कळेल. मग परतफेडीच्या तारखेबद्दल ‘बहुतेक देईन’ म्हणणारीला काय विचारायचं, हेही तुमचं तुम्हाला सुचेल.

तुमच्या गटात कुणाचा आकडा किती आला, ते पत्राने कळवा. पुढच्या वेळी वाचून दाखवू. नमस्कार.